‘गिव्ह समवन द स्लिप’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत संध्याकाळी मी इंग्रजीचा क्लास घेते. बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांची मुलं असतात, शिवाय मुलांच्या शाळेच्या मीटिंगमध्ये दोन वाक्यं धड बोलता यावीत म्हणून येणाऱ्या आयाही असतात. वाक्प्रचारांच्या आठवड्यात एका वाक्प्रचारावर दर वर्षी गाडी अडते. तेच तेच प्रश्न, तीच तीच चूक. म्हणून ही प्रश्नोत्तरं एकदाची लिहून काढली.

‘गिव्ह समवन द स्लिप’चा अर्थ काय?

आपल्यावर नजर ठेवणाऱ्याला किंवा आपला पाठलाग करणाऱ्याला चकवून निसटणं. मराठीत याला जुळी भावंडं शोधायला लांब जावं लागत नाही: हातावर तुरी देणं, गुंगारा देणं. ‘द थीफ गेव्ह द पोलीस द स्लिप’ म्हणजे चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला.

यात ‘देण्याचा’ काय संबंध? पळणारा काही देत तर नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा आला तो कागल बाजूच्या एका मुलाकडून. त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, चिठ्ठी दिल्यावर पोलीस सोडत्यात व्हय?’’ वर्ग हसला, पण त्याची शंका अगदी सरळ होती. त्याच्या ओळखीची स्लिप म्हणजे साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन झाल्यावर मिळणारा कागद.

मी त्याला उलट विचारलं, हातावर तुरी देतो म्हणतोस, तेव्हा चोर पोलिसाच्या तळहातावर तूर मोजून ठेवतो का? गुंगारा देतो म्हणजे काय देतो? चकवा देतो म्हणजे? गंमत अशी की पळून जाण्यासाठी आपल्याही भाषेनं ‘देणे’ हेच क्रियापद उचललंय आणि इंग्रजीनंही. दोन्हीकडे देणारा हातात काही ठेवत नाही, उलट स्वतःलाच घेऊन जातो.

या ‘देणे’मध्येच वाक्प्रचाराची किल्ली आहे. देणं म्हटलं की घेणारा आला. त्यामुळे ‘कोणाला?’ या प्रश्नाचं उत्तर वाक्यात नसेल तर हा वाक्प्रचार तिथे बसत नाही. पहारेकरी, पोलीस, सावकार, आई, मागे लागलेला विमा एजंट, कोणीतरी नजर ठेवून असलं पाहिजे. कोणी बघतच नसेल तर तुम्ही नुसते निघून गेलात, स्लिप दिली नाहीत.

कोणतंही पळणं म्हणजे ‘गिव्ह द स्लिप’ नव्हे का?

नव्हे. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते, आणि त्यासाठी पन्हाळ्यावर जावं लागेल.

१६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. महिनोन् महिने वेढा ढिला पडेना. जुलैमध्ये, भर पावसातल्या रात्री, शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून उतरून वेढ्यातून निसटले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसला होता. पाठलाग करणाऱ्यांनी ती पालखी धरली, महाराज सापडले असं समजून छावणीत नेली, आणि ओळख पटेपर्यंत खरे महाराज बरेच पुढे गेले होते. इथपर्यंतची गोष्ट म्हणजे शंभर टक्के ‘गिव्ह द स्लिप’. पहारा होता, फसवणूक होती, आणि पहारेकऱ्याला कळेपर्यंत उशीर झाला होता.

पुढे काय झालं? सिद्दी मसूदची फौज मागे लागली आणि घोडखिंडीत गाठ पडली. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी खिंड अडवून धरली, महाराज विशाळगडावर पोचले. या भागाला ‘गिव्ह द स्लिप’ म्हणायचं नाही. शत्रूला सगळं कळलेलं आहे, तो समोर उभा आहे, त्याला छातीवर घेऊन थोपवलंय. इंग्रजीत त्याला ‘हेल्ड ऑफ द एनिमी’ म्हणतात. एकाच रात्रीच्या गोष्टीत पहिल्या अर्ध्याला एक शब्द आणि दुसऱ्या अर्ध्याला दुसरा. पावनखिंडीची मोहीम केलेली मुलं वर्गात असली की हा फरक त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.

शेजारच्या सांगलीचं उदाहरणही घ्या. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले. पण कसे? पहारेकऱ्यांची हत्यारं ताब्यात घेऊन, तटावरून उड्या टाकून, मागून गोळीबार होत असताना. दादांना गोळी लागली, दोन साथीदारांचे प्राण गेले. याला ‘ब्रोक आउट ऑफ जेल’ म्हणायचं. ‘गेव्ह द गार्ड्स द स्लिप’ म्हटलंत तर त्या धाडसाची किंमत कमी होते, शिवाय चूकही होते.

उलट सुभाषबाबू पाहा. कलकत्त्यात एल्गिन रोडच्या घरावर गुप्त पोलिसांची पाळत. १६ आणि १७ जानेवारी १९४१च्या मधल्या रात्री ते वेश बदलून पुतण्याच्या गाडीतून बाहेर पडले. खोलीत जेवणाचं ताट जात राहिलं, आणि ते नाहीत ही बातमी फुटली २६ जानेवारीला. पोलीस दहा दिवस रिकाम्या खोलीवर पहारा करत होते. यापेक्षा चोख स्लिप कुणी दिली असेल तर ती आग्र्याची, ऑगस्ट १६६६ची. तिची गोष्ट कोल्हापुरात मी सांगायची गरज नाही.

म्हणजे लपूनछपून, फसवून पळणं एवढंच लक्षात ठेवायचं?

साधारण हो. जोर नाही, नशीब नाही, युक्ती. नशिबानं वाचलात तर ‘नॅरो एस्केप’ किंवा ‘क्लोज शेव्ह’. अगदी केसाच्या अंतरानं वाचलात तर ‘बाय द स्किन ऑफ युवर टीथ’. दातांना कातडी असते का, असं विचारू नका. हा शब्दप्रयोग बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातून आलाय, १५६०च्या जिनिव्हा बायबलपासून इंग्रजीत आहे, आणि विचित्रपणामुळेच टिकलाय. आपण तिथे ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणतो.

‘अ स्लिप’ म्हटलं तर चालेल का?

अजिबात नाही. ‘ही गेव्ह मी अ स्लिप’ म्हणजे त्यानं मला कागदाचा कपटा दिला: पगाराची स्लिप, बँकेत पैसे भरायची स्लिप, काट्याची स्लिप. ‘ही गेव्ह मी द स्लिप’ म्हणजे तो मला चकवून गेला. एका ‘द’मध्ये माणूस गायब होतो. मराठीला ‘अ’ आणि ‘द’ची सवय नाही, त्यामुळे आपण ही अक्षरं मिठासारखी वर भुरभुरवतो. इथे तसं करून चालत नाही.

वाक्यात शब्दांचा क्रम काय?

आधी ‘गिव्ह’, मग ज्याला चकवलं तो, शेवटी ‘द स्लिप’. ‘शी गेव्ह हर ब्रदर द स्लिप.’ काळ बदलला की फक्त ‘गिव्ह’ बदलतं: गेव्ह, गिव्हन, गिव्हिंग. ‘ही हॅज गिव्हन अस द स्लिप अगेन’, परत तुरी दिल्या गड्यानं.

‘गेव्ह द स्लिप टू द पोलीस’ असंही छापलेलं दिसतं. चूक म्हणून फुली मारणार नाही, पण पहिली रचनाच कानाला बसते. ‘ही गेव्ह द स्लिप’ एवढ्यावर मात्र वाक्य थांबवू नका. कोणाला ते राहिलं. कोणाला ते सांगायचंच नसेल तर ‘ही स्लिप्ड अवे’ म्हणा, तो हळूच सटकला.

उच्चारात काही गोम आहे का?

आहे, आणि ती आपल्या गावात हमखास सापडते. ‘स्लि’ ऱ्हस्व आहे. तो दीर्घ केलात की ‘स्लीप’ होतं, म्हणजे झोप. ‘आय गेव्ह द वॉचमन द स्लीप’ असं एकीनं मुलाखतीच्या सरावात म्हटलं होतं. वॉचमनला झोपवून पळणं हाही एक मार्ग आहेच म्हणा, पण वाक्प्रचार तो नव्हे.

हे शब्द आले कुठून?

सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहेत. ‘स्लिप’ म्हणजे निसरणं, घसरून सुटणं, हा मूळ धागा. कुत्रा गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून घेतो त्यालाही हेच क्रियापद लागतं, आणि घाईनं निघायचं असलेलं जहाज नांगर वर न घेता दोर तसाच सोडून देतं त्यालाही.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये यावर एक फर्मास कोटी आहे. हे नाटक १५९७ साली पहिल्यांदा छापलं गेलं. मेजवानीच्या रात्री रोमिओ मित्रांना टाळून गायब होतो. दुसऱ्या दिवशी मर्क्युशिओ त्याला म्हणतो, काल तू आम्हाला खोटं नाणं दिलंस. रोमिओ विचारतो, कसलं खोटं नाणं? मर्क्युशिओ म्हणतो, ‘द स्लिप, सर, द स्लिप’. त्या काळी ‘स्लिप’चा एक अर्थ खोटं नाणं असाही होता. म्हणजे कागलच्या पोराची शंका चारशे वर्षांपूर्वीच्या विनोदाच्या जातीची होती. स्लिप दिली म्हणजे हातात नेमकं काय दिलं?

मराठीत कोणता शब्द कुठे वापरायचा? सगळे सारखेच वाटतात.

सारखे नाहीत, आणि भाषांतराच्या प्रश्नात हाच घोळ होतो.

‘हातावर तुरी देणे’मध्ये माणूस जवळजवळ हातात आलेला असतो. कोर्टाच्या आवारातून, पोलिसाच्या शेजारून गेला तर तुरी. ‘गुंगारा देणे’ लांबत जाऊ शकतं. वर्षभर पोलिसांना गुंगारा देणारा आरोपी आपण पेपरात वाचतो. ‘गिव्ह द स्लिप’ या दोन्हींना चालतं, पण मला विचाराल तर त्याचा जीव तुरीच्या बाजूला जास्त आहे, कारण ती एका क्षणाची गोष्ट असते. वर्षभराच्या गुंगाऱ्याला ‘इल्यूड’ किंवा ‘इव्हेड’ बरं.

‘धूम ठोकणे’ला ‘टेक टू वन्स हील्स’. तिथे लपवाछपवी नाही, पायात बळ हवं. ‘काढता पाय घेणे’ म्हणजे वातावरण तापतंय बघून सभ्यपणे निघणं, त्याला ‘स्लिप अवे’ किंवा ‘मेक अ क्विक एक्झिट’. न विचारता दांडी मारली तर ‘फ्रेंच लीव्ह’. आणि आपली ‘कल्टी मारणे’? तिच्यात बेफिकिरी आहे. मित्राला ‘पाच मिनिटांत येतो’ सांगून कल्टी मारली तर ‘गेव्ह हिम द स्लिप’ चालून जातं, पण शिक्षा चुकली या अर्थी कल्टी म्हणत असाल तर चालणार नाही. शिक्षा न होता सुटणं म्हणजे ‘गेट अवे विथ इट’ किंवा ‘स्कॉट फ्री’. ते वेगळंच प्रकरण आहे.

कुस्तीत खालचा पैलवान पकडीतून सुटतो, त्याला हे म्हणता येईल?

खासबागच्या मैदानात बसून एका विद्यार्थ्यानं मला हे मेसेज करून विचारलं होतं! नाही. कब्जा घेतलेल्या पैलवानाच्या हातातून सुटणं म्हणजे ‘स्लिप्ड आउट ऑफ द होल्ड’. तो सुटला तरी आखाड्यातच आहे, दोन फुटांवर, सगळ्यांच्या नजरेसमोर.

फुटबॉलमध्ये मात्र चालतं. शाहू स्टेडियमवर फॉरवर्ड डिफेंडरची पाठ वळलेली बघून मोकळ्या जागेत घुसतो, तेव्हा इंग्रजी समालोचक ‘ही हॅज गिव्हन हिज मार्कर द स्लिप’ म्हणेल. डिफेंडरचं कामच नजर ठेवायचं असतं, आणि ती चुकवली गेली. पाटाकडील विरुद्ध बालगोपाल असा आपल्या गावच्या दोन संघांचा सामना असला तर गॅलरीतून वेगळे शब्द येतात, ते इथे लिहीत नाही.

हा वाक्प्रचार वाईट अर्थाचा आहे का? चोरांसाठीच वापरायचा?

नाही. चोर पोलिसांच्या हातावर तुरी देतो, महाराज औरंगजेबाच्या. क्रियापद तेच. सांगणारा कोणाच्या बाजूचा आहे यावर सगळं अवलंबून.

घरगुती गोष्टीतही तो शोभतो. अकरावीच्या सुट्टीत आई मला एकटीला बाहेर सोडायची नाही, धाकट्या भावाला बरोबर लावून द्यायची. एकदा मैत्रिणींबरोबर खासबागेत भेळ खायचं ठरलं होतं आणि हा शेपटासारखा मागे. मी म्हटलं, आधी अंबाबाईचं दर्शन घेऊ. महाद्वारात चपला काढल्या. त्याला म्हटलं, गर्दी आहे, तू चपलांजवळ बस, मी पटकन जाऊन येते. आत गेले, लांबूनच कळसाला हात जोडले आणि घाटी दरवाज्यानं बाहेर. देवळाला चार दरवाजे आहेत हे त्या वयात त्याच्या डोक्यात आलं नाही.

माझ्याही डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. चपला त्याच्याजवळ. मे महिन्याची दुपार, डांबर तापलेलं, आणि मी सावली धरत, टाचा उचलत खासबागेपर्यंत अनवाणी. भेळ खाताना पाय एकमेकांवर घासत होते. परत आले तर हा पठ्ठ्या दोन्ही चपला मांडीवर घेऊन तिथेच बसलेला. ‘केवढी रांग होती गं,’ म्हणाला. ‘आय गेव्ह माय ब्रदर द स्लिप’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिते तेव्हा तळपाय अजून हुळहुळतात.

वस्तूला किंवा जागेला स्लिप देता येते का?

जागेला नाही. ‘गेव्ह द जेल द स्लिप’ म्हणू नका, पहारेकऱ्यांना म्हणा. कॅमेऱ्यांना देता येते, कारण कॅमेरा बघतो. मृत्यूला स्लिप देणं असं लेखक मंडळी लिहितात, मृत्यूला माणूस मानून. अडचणींना, अभ्यासाला, कर्जाला देऊ नका. कर्ज देणाऱ्याला खुशाल द्या, व्याकरणाची हरकत नाही.

सरकारी अर्जात, बातमीत, परीक्षेत चालेल का?

बातमीत चालतं. बोलण्यात उत्तम. पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या कागदात नाही. तिथे ‘एस्केप्ड फ्रॉम कस्टडी’, किंवा सापडतच नसेल तर आपल्याकडचा लाडका शब्द, ‘अब्स्कॉन्डिंग’. फरक एवढाच की स्लिप दिली ती एका मिनिटात, आणि अब्स्कॉन्डिंग ही अवस्था आहे; ती स्लिप दिल्यानंतर सुरू होते.

परीक्षेत पर्याय देताना दोन सापळे ठरलेले असतात. एक, ‘चिठ्ठी देणे’. दुसरा जास्त घातकी, ‘एखाद्याला पळून जायला मदत करणे’. ‘गिव्ह’ दिसलं की मुलं मदतीकडे झुकतात. स्लिप ज्याला मिळते तो पळत नाही, तो मागे राहतो.

‘लेट स्लिप’, ‘स्लिप ऑफ द टंग’, ‘पिंक स्लिप’ हे त्याच घरातले का?

आडनाव एक, घरं वेगळी. ‘लेट स्लिप’ म्हणजे नको ते बोलून जाणं, बातमी फुटणं. ‘स्लिप ऑफ द टंग’ म्हणजे जीभ घसरणं. ‘पिंक स्लिप’ म्हणजे नोकरीवरून काढल्याचा कागद. ‘स्लिप थ्रू द नेट’ थोडा जवळचा, जाळ्यातून निसटणं, पण तिथे दोष बहुतेक वेळा जाळ्याच्या भोकांचा असतो, माशाच्या हुशारीचा नव्हे.

मराठी बोलताना ‘स्लिप दिली’ म्हणावं का?

कशाला? ‘त्यानं मला स्लिप दिली’ म्हटलं की ऐकणारा विचारेल, कितीची? आपल्याकडे तुरी आहेत, गुंगारा आहे, चकवा आहे.

रोजच्या वापरातली दोन-तीन वाक्यं द्या.

‘वी ट्राइड टू फॉलो हिज बाइक, बट ही गेव्ह अस द स्लिप निअर बिंदू चौक.’ आम्ही त्याच्या गाडीमागे होतो, पण बिंदू चौकाजवळ त्यानं चकवलं.

‘द ॲक्टर गेव्ह द फोटोग्राफर्स द स्लिप बाय यूझिंग द बॅक डोअर.’ मागच्या दारानं जाऊन नटानं फोटोग्राफरच्या हातावर तुरी दिल्या.

तिसरं माझ्या वर्गातल्या एका काकूंनी गृहपाठात लिहून आणलं होतं, जसंच्या तसं देते. काकांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय, म्हणून त्या रोज सकाळी त्यांच्याबरोबर रंकाळ्याला फिरायला जातात. ‘माय हजबंड गिव्हज मी द स्लिप ॲट रंकाळा एव्हरी संडे अँड कम्स बॅक विथ कट ऑन हिज शर्ट.’ मी ‘कट’खाली रेघ मारून विचारलं, शर्ट फाटला का? त्या म्हणाल्या, ‘‘नाही हो मॅडम, मिसळीचा कट. त्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?’’